गावाच्या खुणा कागदावर आणा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेलं भाषण)



ज्ञानोबा-तुकोबांच्या चरणी दंडवत घालतो आणि बोलायला उभा राहतो. कमिटीनं मला दोनदा बजावलंय, "बुवा, आज कीर्तन नाय, भाषण करायचं." आता इतक्या वर्षांची गळ्याला कीर्तनाची सवय. मागं टाळकरी नाहीत, मृदंग नाही, दम लागला की सांभाळून घ्यायला धृपद नाही. नुसतं बोलायचं म्हणजे मळणीचा बैल खळ्यावरनं मोकळा सोडल्यासारखं झालंय. कुठं जाईल त्याचा नेम नाही. तेव्हा तुम्हीच सांभाळून घ्या.

विषय दिला आहे, आपली दिंडी आणि आपला परिसर. माझं शिक्षण चौथी. परिसर म्हणजे मी माझ्या परीनं असा अर्थ घेतला, की ज्या मातीतनं आपण दरसाल कार्तिकात आळंदीला निघतो ती माती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरं आणि त्यांच्या मधी-आधी अडकलेली आपली गावं. बाहेरचा माणूस या तिघांना एकच समजतो. कल्याण सोडून कर्जतची लोकल पुढं निघाली की खिडकीतनं सारख्याच इमारती दिसतात. एक शहर कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं, ते फलाटावरची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की पाटी काढून टाकली तर तुमचं गाव तुम्हाला ओळखता येईल का? आणि येत असेल तर कशावरनं?

आधी मोजणीचं बोलू, शेतकऱ्याला ते कळतं. आपल्याकडची जुनी साखळी 33 फुटांची. तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजांनी 1836 च्या सुमारास तिकडं इंदापूर तालुक्यातनं मोजणीची ही घडी बसवायला घेतली आणि पुढं ती सगळ्या मुंबई इलाख्यात फिरली. त्यातनं सर्व्हे नंबर आले, सारा ठरला, पुढं सातबारा आला. मी त्याला नावं ठेवणार नाही. बांधावरनं किती डोकी फुटायची, ती त्या साखळीनं वाचवली. पण साखळीवाल्याचं काम काय होतं? जमीन किती, माती कशी, सारा किती बसवायचा. गावदेवीची पालखी कुठं विसावा घेते, नव्या नवरीला कुठल्या विहिरीवर नेतात, मसणाच्या वाटेवर तिरडी कुठल्या दगडाजवळ टेकवतात, हे त्यानं कशाला विचारावं? आणि आपण तरी कशाला सांगावं? सगळ्यांना ठाऊकच होतं. ठाऊक असलेली गोष्ट कोण लिहून ठेवतो?

आता या तीन शहरांकडं बघू. तिघांची कुंडली वेगवेगळी आहे.

अंबरनाथला पहिला मान. तिथलं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजांनी बांधलं. छित्तराज आणि त्याचा भाऊ मुम्मुणी यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत आणि शकाचा आकडा देवळातल्या शिलालेखात कोरलेला आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, वीसेक पायऱ्या उतरायच्या. महाशिवरात्रीला जत्रेच्या रांगेत उभं राहून मी अनेकदा त्या पायऱ्या उतरलो आहे. खाली गेलं की बाहेरच्या उन्हातला माणूस वेगळा आणि आतला वेगळा. या देवळाचं एक भाग्य बघा. 1868 च्या सुमारास मुंबई सरकारनं कलाशाळेच्या लोकांना पाठवून त्याची मापं, चित्रं आणि कोरीवकामाचे साचे काढून घेतले. म्हणजे देऊळ कागदावर आलं. पुढं ते संरक्षित स्मारक झालं, आणि आजच्या कायद्यानं त्याच्यापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्याच्या पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते. नऊशे साठ वर्षं जुना दगड अजून उभा आहे तो शंकराच्या कृपेनं, आणि त्याच्याभोवती मोकळं आभाळ आहे ते या मापाच्या कृपेनं.

आता त्याच देवळाच्या अंगाला लागून वालधुनी वाहते. शिलाहारांनी देऊळ तिथं बांधलं ते नदी बघूनच बांधलं असणार, आपले पूर्वज पाण्यावाचून देव बसवत नव्हते. वालधुनी काकोळ्याच्या डोंगराकडनं येते. तिथं रेल्वेनं आपल्या वापरासाठी धरण बांधलं, आपण अजून त्याला जीआयपी टँकच म्हणतो. तिथनं अंबरनाथ, उल्हासनगर करत ती कल्याणला खाडीला मिळते. कारखान्यांचं आणि वस्त्यांचं पाणी तिच्यात सोडलं गेलं. 2014 साली उल्हासनगरात टँकरनं तिच्यात रसायन ओतलं आणि त्याच्या वायूनं शेकडो माणसं दवाखान्यात गेली, हे तुम्हाला आठवत असेल. पण त्याच्या किती आधी एक गोष्ट झाली होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही. लोक तिला नदी म्हणायचे थांबले होते. वालधुनी नाला म्हणायला लागले. अहो, नदीत कोणी घाण टाकताना एकदा तरी मनात चरकतो. नाल्यात टाकताना कोण चरकणार? देवळाला नाव आणि माप दोन्ही मिळालं. नदीला माप तर मिळालं नाहीच, होतं ते नावही गेलं.

उल्हासनगरचं उलटं आहे. आपल्या गावाकडची काही मंडळी म्हणतात, "त्यांना कसली आलीय गावाची ओळख, ते बाहेरनं आलेले." मला हे पटत नाही, आणि आज मी ते भर मंडपात बोलणार आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं सैनिकांची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणी झाली आणि सिंधमधनं घरदार सोडून आलेली लाखभर माणसं त्या बराकींत उतरवली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरनं उल्हासनगर नाव पडलं. माणसं आली तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? कॅम्प नंबर, बराक नंबर. आपल्याला शिवाराची नावं असतात, जांभळीचं खाचर, वडाची दळी. त्यांना नुसते आकडे मिळाले. पण त्या माणसांनी आकड्यांतनं गाव उभं केलं. आज तुम्ही रिक्षावाल्याला "कॅम्प चार" म्हणा, "सतरा सेक्शन" म्हणा, "गोल मैदान" म्हणा, तो दुसरा पत्ता विचारत नाही. झुलेलालाची मंदिरं उभी राहिली, पावसाळ्यात चाळीस दिवसांचं चालिहा व्रत चालतं. आपल्या चातुर्मासासारखाच नेम. नदी मागं सिंधमधे राहिली, पण जलदेवाची पूजा त्यांनी उल्हासच्या काठी चालू ठेवली. माझं म्हणणं, ओळख जुनी असली तरच खरी असं नाही. माणसं एका जागी नेमानं जमायला लागली की ती जागा त्यांची होते. पंचाहत्तर वर्षं काय थोडी झाली?

वारकऱ्याला हे पटवून सांगायला नको. पालखी मार्गावर लोणंद सोडलं की तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब येतो. तिथं पहिलं उभं रिंगण. तिथं गाव आहे का? राजवाडा आहे का? एका लिंबाच्या नावाची जागा. पण अख्ख्या महाराष्ट्रात ती ठाऊक आहे, कारण दरसाल ठरल्या दिवशी माउलीचा अश्व तिथं धावतो. जागेला ओळख दिली ती पायांनी.

आणि हो, उल्हासनगरच्या लगत आपला विठ्ठल दोन ठिकाणी आहे. एक कल्याणनंतरचं पहिलंच स्टेशन, विठ्ठलवाडी. गाडीत आवाज येतो, "पुढील स्टेशन विठ्ठलवाडी," आणि मी हात जोडतो. शेजारचा प्रवासी मोबाईलमधनं मान वर करून माझ्याकडं बघतो, याला काय झालं म्हणून. दुसरं शहाडचं बिर्ला मंदिर. लोक फिरायला जातात, बाग बघतात, पण आतली मूर्ती विठ्ठल-रखुमाईची आहे हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. जाल तेव्हा आत जाऊन पायावर डोकं ठेवा.

आता बदलापूर. नावातच बदल आहे. महाराजांच्या काळी या वाटेनं जाताना इथं घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं आपले म्हातारे सांगत आले. आता घोडे बदलत नाहीत, बाकी सगळं बदलतंय. 2001 च्या शिरगणतीत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. 2011 ला पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. 1983 ला कल्याणच्या महापालिकेत घातलं, 1992 ला बाहेर काढून वेगळी नगरपालिका केली. आता बडोद्याकडनं येणारा मोठा रस्ता आपल्या डोंगरातनं बोगदा करून चाललाय, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मधी चिखलोलीला नवं स्टेशन व्हायचंय. शहर अजून वाढणार. त्याला ना नाही. लालबाग-परळच्या चाळीत ज्यांना पाय पसरायला जागा नव्हती ती माणसं इथं आली, घर घेतलं, आणि येताना आपली भजनी मंडळं घेऊन आली. आपल्या दिंडीत आज गिरणगावातनं आलेले टाळकरी आहेत. त्यांच्या टाळाला आपल्यापेक्षा जास्त धार आहे, हे मी कबूल करतो, आपल्या पोरांना राग आला तरी.

पण बदलापूरची ओळख काय विचाराल, तर मला पहिलं जांभूळ आठवतं. जेठ-आषाढाच्या तोंडाला स्टेशनाबाहेर आमच्या ठाकूर-कातकरी बाया पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बसतात. त्या जांभळाला आता सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हणजे बदलापूर हे नाव जांभळाला कायद्यानं चिकटलं. चांगलं झालं. फक्त एक प्रश्न राहिला, की झाडं कुठंयत? मानांकन कागदावर आणि झाड प्लॉटमधे, असं झालं तर पुढच्या पिढीला द्रोण तेवढा दाखवावा लागेल.

दुसरी ओळख उल्हास नदी. ही नदी वर्षातनं एकदा आपलं माप आपणच देते. 26 जुलै 2005 ला दिलं. 27 जुलै 2019 ला परत दिलं. त्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधी पाण्यात अडकली आणि हजारभर माणसं होड्या आणून बाहेर काढली. पाटबंधारे खातं नकाशावर दोन रेघा मारतं. पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्याची लाल. शास्त्राचं काम आहे, मानलं पाहिजे. पण आपल्या म्हाताऱ्यांकडं तिसरी रेघ असते. "पाणी गावदेवीच्या पायरीला लागलं की गुरं सोडायची, आणि उंबराच्या पारावर आलं की माणसं हलवायची." ती पायरी आणि तो उंबर हेच आपलं मोजमाप. उद्या पार फोडला, उंबर पाडला, तर नुसती सावली जात नाही, पाणी मोजायची पट्टी जाते. नवीन आलेल्या माणसाला कोण सांगणार, की बाबा, तुझ्या पार्किंगमधे पाणी कुठवर येतं?

इथनं मी आपल्या दिंडीच्या वहीकडं येतो. तिच्याचसाठी मी बोलायला उभा राहिलो.

दिंडीची मुक्कामाची जुनी वही आपल्याकडं आहे. शाई उडालीय, काही पानं वाळवीनं खाल्ली, पण वाचता येते. आपली दिंडी कापणी-झोडणी आटपून निघते. वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली, मग बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा, पुढं कामशेत, वडगाव, तळेगाव, देहू आणि आळंदी. त्या वहीत गावांची नावं आहेतच, पण जागा कशा लिहिल्यात ते ऐका. "दुपारची पंगत पाटलाच्या खळ्यावर." "स्नान नदीच्या उतारावर, मोठ्या खडकाजवळ." "मुक्काम तीन आंब्यांच्या माळावर, विहिरीचं पाणी गोड." "पुढं गावदेवीच्या पाणंदीनं." एका ठिकाणी लिहिलंय, "म्हातारीनं दूध दिलं, तिचं घर वेशीच्या डाव्या हाताला." नकाशा म्हणजे आणखी काय असतं? पाणी कुठं, सावली कुठं, माणूस कुठं चांगला, वाट कुठनं. आता गेल्या दहा-पंधरा वर्षांची पानं उघडा. "मंगल कार्यालय." "शाळेचा हॉल." "पंपाच्या मागं." सोय चांगली आहे, डोक्यावर पत्रा आहे, संडास आहेत. मी जुन्याचे गोडवे गात नाही, थंडीत माळावर काकडत झोपलोय मी. पण तीन आंब्यांच्या माळावर आपण अजून दरसाल पहिली आरती करतो, हरिपाठ म्हणतो, आणि मगच पुढं जातो. तिथं आता आंबा एकच उरलाय. विहिरीत पाणी आहे, वापर नाही.

आणि पाणंद गेली. सहा वर्षांपूर्वी एका प्लॉटवाल्यानं तिच्यावर भिंत घातली. आपण पाचजण भेटायला गेलो. तो माणूस उद्धट नव्हता. चहा पाजला, नमस्कार केला आणि म्हणाला, "बुवा, वाट होती हे मला मान्य आहे. पण नकाशात दाखवा." आपल्याकडं दाखवायला काय होतं? पाय. आता आपण पहाटे तिथनं वळसा घालून मोठ्या रस्त्यानं जातो. अंधारात बाया-म्हाताऱ्या, डोक्यावर तुळस, आणि बाजूनं डंपर. आळंदीच्या वाटेवर दिंडीत गाडी घुसल्याच्या बातम्या आपण वाचतो. मला त्या वळणावर दरसाल धाप लागते, ती चालून लागत नाही.

मागच्या वर्षी शहर-आखणीचं शिकणारी काही पोरं-पोरी गावात आली होती. त्यांनी देवळात मोठा कोरा कागद पसरला आणि म्हणाली, "तुमचं गाव काढा. आणि ज्या जागा गेल्या तर हे गाव तुमचं वाटणार नाही, त्यांच्यावर खूण करा." याला ती स्थानाची ओळख म्हणतात. आपण त्याला गावपण म्हणू. आम्ही बाप्ये मंडळींनी देऊळ काढलं, पार काढला, शाळा काढली आणि झालं म्हणालो. मग बायांनी पेन घेतलं. त्यांनी विहिरी काढल्या, धुणं धुवायचा खडक काढला, लाकडाला जायची वाट काढली, कोणाच्या ओटीवर सावलीला बसतात ते काढलं. आम्ही जन्मभर इथं राहिलो, पण अर्धं गाव आमच्या चित्रात नव्हतं. लहान पोरांनी पहिलं काय काढलं? क्रिकेटचा माळ. तोच आपला तीन आंब्यांचा माळ! आमचा मुक्काम आणि त्यांची खेळपट्टी एकाच जागी आली. नव्या इमारतीतल्या दोन बाया आल्या होत्या, त्यांनीही तोच माळ काढला, संध्याकाळी म्हाताऱ्यांना तिथं फिरायला नेतात म्हणून. चारी बाजूंच्या माणसांची बोटं एका जागेवर पडली.

मग त्यांनी एकेका जागेला एक ते पाच गुण द्यायला सांगितले. ही जागा तुम्हाला किती आपली वाटते. आमची एक म्हातारी गावदेवीवर बोट ठेवून म्हणाली, "पाचाच्या म्होरं आकडा नाय का तुमच्यान?" सगळी हसली. पण मला त्या पोरांची रीत आवडली. तराजूत घातल्याशिवाय बाजारात भाव होत नाही. माया आकड्यात मावत नाही हे खरं, पण ऑफिसातल्या टेबलावर माया ठेवता येत नाही, कागद ठेवता येतो.

त्यातल्या एका पोरीनं मला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. केव्हिन लिंच नावाच्या माणसानं तिकडच्या तीन शहरांतल्या लोकांना असंच आपापलं शहर सांगायला लावलं. 1960 साली त्याचं पुस्तक आलं. बोस्टनच्या लोकांनी नदी सांगितली, जुनी बाग सांगितली, घुमट सांगितला. जर्सी सिटी म्हणून एक गाव आहे, न्यूयॉर्कच्या समोर, नदीपलीकडं. तिथल्या लोकांना आपल्या गावातलं सांगण्यासारखं फार सुचेना. ते म्हणाले, इथनं पलीकडचं न्यूयॉर्क छान दिसतं. मी ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आपल्याकडच्या घरांच्या जाहिराती आल्या. मुंबईपासून इतकं जवळ, स्टेशनपासून इतकी मिनिटं. अहो, पण इथं काय आहे? कोंडेश्वर आहे, मुळगावचा खंडोबा आहे, बारवी आहे, जांभूळ आहे. ते जाहिरातीत कुठं?

बारवीवरनं आठवलं. त्या धरणाचं पाणी ही सगळी शहरं आणि कारखाने पितात. धरण झालं, पुढं त्याची उंची वाढवली, तेव्हा गावं उठली. घराचा, जमिनीचा हिशोब झाला, मोबदल्यासाठी भांडणं झाली, ती व्हायलाच पाहिजे होती. पण गावदेवीच्या पुढची मोकळी जागा, जिथं अख्खं गाव होळीला जमायचं, तिचा हिशोब कुठल्या रकान्यात बसतो? ती कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिची दाद मागायला कोणी एकटा उभा राहिला नाही. सगळ्यांची वस्तू अशीच जाते.

आता करायचं काय? शहराचा विकास आराखडा होतो तो 1966 च्या नगररचना कायद्यानं. आधी आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा करतात, मग पुढं काय पाहिजे त्याचा. त्यात रंग भरतात, पिवळा म्हणजे राहायला, हिरवा म्हणजे शेती. मग तो जाहीर करून लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. मुदत असते, सुनावणी होते. आपण काय करतो? मुदत संपल्यावर मोर्चा नेतो. घसा बसतो, नकाशा तसाच राहतो. पहिला नकाशा होतो तेव्हाच आपल्या खुणा त्यात गेल्या पाहिजेत. तीन आंब्यांचा माळ तिथं नुसता रिकामा दिसला तर रिकाम्या जागेवर जे होतं तेच होणार. तिथं मुक्काम, विहीर, खेळाचं मैदान असं लिहिलेलं असलं, तर पुसायला आधी कोणाला तरी हात उचलावा लागेल.

झाडांचं ऐका. 2021 पासून राज्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला शहरात वारसा वृक्ष म्हणून मान आहे. आपल्या पारावरचा पिंपळ, तो उरलेला आंबा, नदीकडचा उंबर, सगळे त्यात बसतात. पालिकेच्या वृक्ष खात्याकडं अर्ज द्यायचा. 2002 च्या कायद्यानं जैवविविधतेची लोकांची नोंदवही प्रत्येक पालिकेनं आणि ग्रामपंचायतीनं करायची आहे. जांभळाची झाडं, आणि ती सांभाळणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे त्यात आले पाहिजेत. त्यांना विचारून आले पाहिजेत, आपण घरात बसून लिहून नाही. जुन्या वास्तूंची आणि निसर्गातल्या जागांची वारसा यादी करायची सोयही नियमांत आहे. 2020 पासून गावठाणं ड्रोननं मोजायची स्वामित्व योजना आली, तिच्यात घराला मिळकत पत्रिका मिळते. घर तर मोजून होईल. ओटी, पार आणि पाणंद आपल्यालाच मोजायची आहेत.

प्रत्येक जागेला मी पाच ओळी लिहायच्या म्हणतो, जास्त नको, साहेब वाचत नाहीत. म्हाताऱ्यांच्या तोंडातलं नाव. सर्व्हे किंवा गट नंबर. फुटात लांबी-रुंदी. तिथं कोण, कधी आणि किती माणसं जमतात, म्हणजे आपली आरती, पोरांचा खेळ, बायांची वटपौर्णिमा, सगळं. आणि किती पिढ्यांपासनं. ज्याला आठवतं त्या म्हाताऱ्याचा अंगठा किंवा सही. नव्या इमारतींतल्या लोकांच्या सह्या त्यात पाहिजेतच. नुसत्या आपल्या घेतल्या तर "गावकऱ्यांचं जुनं रडगाणं" म्हणून बाजूला ठेवतील. आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही. जिथं देऊळ नव्हतं तिथं शेंदूर फासून देव उभा करायचा नाही. तसं कोणी केलं तर पहिली हरकत माझी.

वहीच्या पानांचे फोटो आपल्या विणेकऱ्यांच्या नातवानं मोबाईलवर काढून ठेवलेत. त्यातल्या जागांपैकी अकरा जागा आपल्या दोन गावांच्या शिवारात येतात. सातांचा ठाव लागलाय. चारांचा लावायचाय, त्यातली एक ते म्हातारीचं वेशीजवळचं घर. ज्यांच्या घरात नव्वदीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी विचारून ठेवा. पाणंदीची हरकत नव्यानं लिहायला घेतलीय. जुना मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखाकडनं मागवलाय, पैसे भरलेत, पावती कमिटीकडं आहे.

येत्या एकादशीला हरिपाठ झाला की देवळात कागद पसरू. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, पारणं सोडून सकाळी नवाला तीन आंब्यांच्या माळावर जमायचंय. शंभर फुटी टेप सुतारांनी द्यायचं कबूल केलंय. पोरांनी त्या दिवशी मॅच ठेवू नये. किंवा ठेवा, म्हणजे फोटोत माणसं दिसतील.

राम कृष्ण हरि.